न आलेल्या वजनासाठी उभे खांब: कोलोनिया ग्वेलच्या अपुऱ्या चर्चची एक अभ्यासभेट

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वास्तुकला महाविद्यालयाची १६ मुलं-मुली आणि दोन शिक्षक पाच दिवसांच्या अभ्यासदौऱ्यावर बार्सेलोनाला गेले होते. दौऱ्याचा विषय तिथला वास्तुकार आंतोनी गौदी याच्या इमारतींमधली भारवहनाची रचना. महाविद्यालयाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही, बाकी क्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

यादीत साग्रादा फॅमिलिया हे गौदीचं सर्वांत प्रसिद्ध चर्च अर्थातच होतं. पण वादाचा मुद्दा ठरलं ते दुसरंच चर्च: शहराच्या पश्चिमेला सांता कोलोमा दे सेर्वेल्यो या गावाच्या हद्दीतलं कोलोनिया ग्वेलचं. बहुतेक पर्यटक तिथे जात नाहीत. जे जातात त्यांतले बरेचजण अर्ध्या तासात बाहेर पडून ‘एवढंच?’ म्हणतात. तक्रार अगदीच खोटी नाही. वर चर्च नाहीच, आहे तो खालचा मजला.

इमारत कशी अर्धवट राहिली

कापड उद्योजक एउसेबी ग्वेल याने १८९० मध्ये आपली गिरणी शहरातून इथे हलवली आणि तिच्याभोवती कामगारांची वसाहत उभी केली. गिरणीत मखमल आणि कॉर्डरॉय निघायचं. वसाहतीत घरं होती, शाळा होती, ग्राहक सहकारी भांडार होतं. राहिलं होतं चर्च. ते काम १८९८ मध्ये गौदीकडे आलं. पाया खणायला १९०८ उजाडलं. मधली दहा वर्षं दोऱ्यांच्या एका मॉडेलवर गेली, त्याबद्दल पुढे येईलच. १९१४ मध्ये ग्वेल कुटुंबाने यापुढे पैसे देणार नाही असं कळवलं आणि गौदीने काम सोडलं. खालचा भाग तेवढा झाला होता. ३ नोव्हेंबर १९१५ रोजी त्यालाच चर्च म्हणून अभिषेक झाला. १९१८ मध्ये ग्वेल वारला. मूळ आराखड्यात खाली एक आणि वर एक अशी दोन सभागृहं, बाजूंना मनोरे आणि मध्ये सुमारे ४० मीटर उंचीचा घुमट होता. त्यातलं वरचं काहीच झालं नाही. गिरणी १९७३ मध्ये बंद पडली. चर्च २००५ मध्ये गौदीच्या इतर कामांबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

सगळीकडे याला ‘क्रिप्ट’ म्हणतात. मराठीत त्याचं तळघर होतं आणि तिथेच पहिली दिशाभूल होते. हे तळघर नव्हे. टेकडीच्या उतारात एका बाजूने रुतलेलं, दुसऱ्या बाजूने उजेडाकडे उघडं असलेलं हे खालचं सभागृह आहे. तळघर बघायला जाणारा माणूस खाली बघत जातो. इथे मान वर हवी.

अडचण

दौऱ्याच्या पहिल्या आखणीत या चर्चला रविवारी सकाळची ९० मिनिटं दिली होती. त्यानंतर त्याच दिवशी मोन्सेरातचा डोंगर. कारण सोपं होतं: दोन्हीकडे जाणाऱ्या गाड्या प्लासा एस्पान्या स्थानकातूनच सुटतात. नकाशावर हे ‘वाटेवर’ दिसतं.

या आखणीत तीन दोष होते. चर्च आजही चालू आहे, रविवारी सकाळी प्रार्थना असते आणि त्या वेळात पर्यटकांना आत घेत नाहीत. शनिवार-रविवारी बघण्याचे तासही कमी असतात. तिसरा दोष या दोन्हींहून मोठा: मुलांना काय बघायचं आहे हेच ठरलेलं नव्हतं. कलते खांब बघून ‘झाडासारखे आहेत’ म्हणायचं आणि फोटो काढायचे, एवढ्यासाठी १८ तिकिटं काढायची का, असा प्रश्न रचनाशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाने विचारला. प्रश्न रास्त होता.

समोर असलेले पर्याय

पहिला, चर्च वगळायचं. साग्रादा फॅमिलियाच्या संग्रहालयात कोलोनिया ग्वेलच्या टांगत्या मॉडेलची पुनर्रचना आहे, ती बघून भागवायचं. वेळ आणि खर्च दोन्ही वाचतं. पण मॉडेलमधली रेषा दगडात उतरली की तिचं काय होतं, ते तिथे कळत नाही.

दुसरा, रविवार तसाच ठेवून वेळ थोडी मागे-पुढे करायची. संयोजकांचा कल इकडे होता. मोन्सेरात सोडायला कोणी तयार नव्हतं, मुलं तर नाहीच.

तिसरा, कामाच्या दिवशी सकाळचे साडेतीन-चार तास फक्त या चर्चला द्यायचे, मोन्सेरात रद्द करायचं, आणि निघण्याआधी महाविद्यालयातच टांगतं मॉडेल करून बघायचं.

निर्णय तिसऱ्याचा झाला. पारडं फिरलं ते एका युक्तिवादाने. साग्रादा फॅमिलियाच्या सभागृहातले कलते, फांद्या फुटलेले खांब आणि सरळ रेषांपासून तयार होणारे वक्र पृष्ठभाग यांची चाचणी आधी या छोट्या चर्चमध्ये झाली. शिवाय तिथले खांब उंच, घासूनपुसून गुळगुळीत. इथले हाताच्या अंतरावर आणि ओबडधोबड. शिकण्यासाठी दुसरे बरे.

तयारी: दोरे, नट आणि एक उलटी तसबीर

तत्त्व जुनं आहे. लोंबती साखळी फक्त ताण घेते. तोच आकार उलटा करून विटा-दगडांत बांधला, तर त्यात फक्त दाब राहतो. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १६७५ मध्ये मांडलं. गौदीने ते एका कमानीपुरतं न ठेवता अख्ख्या इमारतीला लावलं. बांधकामाच्या जागेजवळच्या शेडमध्ये त्याने छताला दोरे टांगले. दोऱ्यांना शिशाच्या छर्‍यांच्या छोट्या पिशव्या बांधल्या. लांबीचं प्रमाण १:१०, वजनाचं १:१०,०००. म्हणजे पिशवीतला एक ग्रॅम हा इमारतीतला दहा किलो. मॉडेलचे फोटो काढून ते उलटे धरायचे आणि त्यांवर रंगाने भिंती, खिडक्या, मनोरे चढवायचे. मूळ मॉडेल उरलं नाही. १९८० च्या दशकात श्टुटगार्टच्या हलक्या रचनांच्या संस्थेतल्या मंडळींनी फोटोंवरून ते पुन्हा उभं केलं.

दहा वर्षं का लागली, हे स्वतः करून बघितल्याशिवाय पटत नाही. वजन ठरवायचं तर छताचं क्षेत्रफळ हवं. क्षेत्रफळ हवं तर आकार हवा. आकार तर वजन टांगल्यावरच मिळतो. म्हणून अंदाजाने सुरुवात करायची, टांगायचं, मोजायचं, वजन बदलायचं, पुन्हा टांगायचं. एक पिशवी बदलली की शेजारचे सगळे दोरे हलतात.

महाविद्यालयाने अख्खं चर्च घेतलं नाही. प्रवेशाच्या पोर्चचा एक भाग आणि त्यामागच्या आतल्या खांबांचा एक पट्टा, एकूण १४ आधारबिंदू, प्रमाण १:२५. सामान असं:

- १८ मिमी प्लायवूड, १२० × ९० सेंमी, चार खुंट्यांवर डोक्याच्या उंचीला आडवं टांगलेलं
- १४ स्क्रू हुक, प्रत्येक खांबाच्या पायाच्या जागी एक
- पुड्या बांधायचा सुती दोरा आणि किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी बारीक मण्यांची साखळी
- एम६ मापाचे साधारण ६५० लोखंडी नट, प्रत्येकी सुमारे २.५ ग्रॅम
- बारीक तारेचे ‘एस’ आकाराचे आकडे, २०० च्या आसपास
- वाळू भरलेल्या छोट्या पिशव्या, प्रत्येकी १०० ग्रॅम

वजनाचं प्रमाण गौदीचंच ठेवलं, म्हणजे एक नट बरोबर २५ किलो. १५ सेंमी जाडीच्या वीटकामाचा एक चौरस मीटर सुमारे २८५ किलो भरतो, त्याला ११ ते १२ नट. एका खांबाच्या वाट्याला चार चौरस मीटर छत धरलं की ४६ नट. आतल्या खांबांच्या माथ्यावर, न झालेल्या वरच्या चर्चचं वजन म्हणून एकेक वाळूची पिशवी, म्हणजे एकेक टन. हा आकडा मुद्दाम कमी धरला होता. त्याचं कारण तात्त्विक नव्हतं, जास्त वजनाने हुक उपटत होते.

इथे एक गोष्ट डोक्यात बसायला वेळ लागतो. मॉडेलमध्ये जमीन वर असते. हुक म्हणजे खांबाचा पाया, हुकाखालचा पहिला दोरा म्हणजे खांब, त्याच्या खाली छत, आणि सगळ्यात खाली लोंबतो तो घुमटाचा कळस.

आधी एकाच साखळीवर हात बसवला. ६० सेंमी अंतरावरच्या दोन हुकांना ९० सेंमी साखळी अडकवली तर ती जवळजवळ ३० सेंमी खाली लोंबते. गणित आणि पट्टी यांचा मेळ इथे बसला नाही तर हुक हलताहेत असं समजावं.

मग काय काय बिघडलं ते बिघडलंच. नायलॉनचा दोरा आणला होता, तो वजनाखाली रात्रभरात लांबला. तो काढून सुती लावला. नट थेट गाठीने बांधले होते, आणि प्रत्येक दुरुस्तीला गाठ सोडण्यात अर्धा दिवस गेला. म्हणून तारेचे आकडे आले, उचलायचे आणि सरकवायचे. पंखा चालू असेल तर मॉडेल कधीच स्थिर होत नाही, आणि मे महिन्यात पंखा बंद ठेवून काम करणं हा वेगळाच त्याग. फोटो जवळून काढले की कडेचे खांब खरे असतात त्याहून जास्त कलते दिसतात. मोबाइल तीन मीटर मागे नेऊन, दुप्पट झूम करून काढल्यावर हा दोष बराच कमी झाला.

एक चूक मात्र कोणाच्याच लक्षात आली नाही. ती बार्सेलोनाला पोचल्यावर उघड झाली.

भेटीचा दिवस

मंगळवार. प्लासा एस्पान्याहून कतालुन्या प्रांताच्या प्रादेशिक रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटांत ‘कोलोनिया ग्वेल’ हे स्थानक येतं. एस३, एस४, एस८, एस९ या गाड्या तिथे थांबतात. त्याच स्थानकातून लांबच्या गाड्याही सुटतात आणि त्या सगळ्या इथे थांबत नाहीत, म्हणून फलकावर स्थानकाचं नाव वाचूनच चढावं. उतरल्यावर जमिनीवर रंगवलेली निळी पावलं वसाहतीच्या माहिती केंद्रापर्यंत नेतात. तिकीट आधी तिथे घ्यायचं, मग चर्चकडे. थेट चर्चवर गेलं तर पाच-दहा मिनिटं मागे चालत यावं लागतं.

१८ जणांचा एकच घोळका आत नेला तर कोणालाच काही दिसत नाही. म्हणून सहा-सहाच्या तीन तुकड्या केल्या: एक पोर्चमध्ये, एक आत, एक वरच्या गच्चीवर. चाळीस मिनिटांनी अदलाबदल. वेळापत्रक म्हणून हे छान होतं, शिकवणं म्हणून चुकलं. त्याबद्दल खाली.

पोर्च हा या इमारतीतला सर्वांत घट्ट धडा. खांबांवरचं छत लहान-लहान वळलेल्या तुकड्यांचं आहे आणि त्या तुकड्यांचा आकार हायपरबोलिक पॅराबोलॉइड आहे. इमारतीत हा आकार पहिल्यांदा वापरला गेला तो इथे, असं मानलं जातं. शब्द अवघड, वस्तू सोपी. सुंभाने विणलेली बाज घ्या आणि तिचा एकच कोपरा उचला. सुंभाचा प्रत्येक पेड सरळच राहतो, पण सगळी बाज मिळून पिळवटते. गवंड्याला याचा फायदा मोठा. वक्र साचा करायची गरज नाही, दोन तिरक्या पट्ट्यांमध्ये सरळ दोऱ्या ताणून त्यांच्या रोखाने विटा बसवत गेलं की पृष्ठभाग आपोआप वळतो.

आत शिरल्यावर वेदीच्या पुढ्यात चार खांब येतात. ते बेसाल्टचे, कास्तेयफोयित दे ला रोका इथून आणलेले. लाव्हा थंड होताना तयार झालेले मूळचेच खांबासारखे पाषाण, जेमतेम टाकी लावलेले. आपल्याकडे अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर किंवा कोल्हापूर जिल्ह्यातल्या बांदिवड्याला असे खांब उभे आहेत, त्यामुळे मुलांना दगड लगेच ओळखू आला. गौदीने तळखडा, खांब आणि माथा असे तुकडे एकमेकांवर ठेवून सांध्यात चुन्याऐवजी शिसं भरलं. शिसं मऊ. तिरक्या खांबाचा भार सांध्याच्या एकाच कडेवर आला तर दगडाचा टवका उडतो. शिसं दबून तो भार पसरवतं. खाली वाकून सांध्याकडे बघितलं की काळ्या दगडात राखाडी रेघ दिसते, बोटाच्या पेरापेक्षाही बारीक आणि कडेला जरा फुगलेली. चारही खांब वेगवेगळ्या कोनात कलले आहेत. त्यांच्या माथ्यावरून विटांच्या फासळ्या छताला चहूकडे पसरतात.

बाहेरच्या भिंतीत खंगर विटा आहेत, भट्टीत जास्त भाजून काळ्या-वेड्यावाकड्या झालेल्या, ज्या आपला गवंडी बाजूला काढतो. खिडक्यांच्या जाळ्या गिरणीतल्या यंत्रमागांच्या जुन्या सुयांच्या आहेत. इचलकरंजी-सोलापूरकडच्या माणसाला त्या जाळीपाशी दोन मिनिटं जास्त लागतील. रंगीत काचांच्या खिडक्या पाकळ्यांसारख्या उघडतात. दारापाशी पवित्र पाणी ठेवायला मोठे शिंपले आहेत, ते फिलिपाइन्सहून आलेले.

गच्चीवर वरच्या चर्चची जागा दिसते, म्हणजे जे नाही ते दिसतं. मात्र तिथे सावध राहावं. १९९९ ते २००२ मध्ये इमारतीची मोठी दुरुस्ती झाली आणि ती वादग्रस्त ठरली. वर तुम्ही ज्यावर उभे राहता ते सगळं १९१४ चं नाही. एका तुकडीने गच्चीवरचं नवं काम गौदीचं समजून तपशिलात चितारलं. दोष त्यांचा नाही, आधी सांगायला हवं होतं.

कुठे चुकलं

पहिली गोष्ट ओळंब्याची. खांबाचा कल मोजायला मुलांनी ओळंबा नेला होता आणि तो थेट दगडाला टेकवून धरला. तिथल्या कर्मचारी बाईंनी नम्रपणे थांबवलं: वस्तूला काहीही टेकवायचं नाही. बरोबरच होतं. मग मोबाइलमधली पातळी वापरायचं ठरलं, पण तोही खांबाला टेकवावा लागतो, आणि एवढ्या खडबडीत दगडावर दर वेळी दोन-तीन अंशांचा फरक येतो. शेवटी उपयोगी पडली ती जुनीच युक्ती. ओळंबा स्वतःच्या हातात, डोळा आणि खांब यांच्या मध्ये धरायचा, एक डोळा मिटायचा, दोरीच्या रेषेत खांबाचा पाया आणायचा आणि माथा किती सरकलेला दिसतो ते वहीत उतरवायचं. यात खांबाला हात लागत नाही. एकाच खांबाकडे काटकोनातल्या दोन जागांवरून बघावं लागतं, नाहीतर आपल्या दिशेने येणारा कल दिसतच नाही.

दुसरी गोष्ट मोठी. प्रत्येक तुकडीकडे मॉडेलच्या उलट्या फोटोची प्रत होती, खांबांना १ ते १४ क्रमांक दिलेले. पोर्चमधल्या तुकडीने क्रमांक ३ शोधला. फोटोत तो डावीकडे कललेला, समोर उजवीकडे. क्रमांक ५ चंही तेच. वीस मिनिटं मॉडेल चुकलं की नकाशा चुकला यावर गेली. ‘गौदीने बांधताना बदललं असेल’ असंही एकाने सुचवलं. मग एका मुलीने कागद उन्हाकडे धरला, मागच्या बाजूने बघितला, आणि सगळे खांब जागच्या जागी बसले.

काय झालं होतं? नकाशा प्लायवूडच्या वरच्या बाजूला चिकटवून आरपार भोकं पाडली होती आणि दोरे खालून टांगले होते. अशा मॉडेलचा फोटो १८० अंशांत फिरवला की वर-खाली बदलतंच, पण डावं-उजवंही बदलतं. उपाय दोन: नकाशा फळीच्या खालच्या बाजूला, खालून वाचता येईल असा चिकटवायचा आणि फोटो फिरवायचा, किंवा नकाशा वरच ठेवून फोटो न फिरवता फक्त उभा पलटवायचा. मॉडेलखाली जमिनीवर आरसा ठेवला तर दुसरा उपाय आपोआप होतो. दोन्ही एकदम केले तर पुन्हा चूक. सममित इमारतीत ही चूक जन्मभर कळणार नाही. इथे एका मिनिटात कळायला हवी होती, आणि घरीच.

तिसरी, तुकड्यांचा क्रम. ज्यांनी सुरुवात आतून केली त्यांची रेखाटनं सर्वांत कमकुवत निघाली. त्यांनी खिडक्या काढल्या, शिंपले काढले, आणि खांबांना सावल्या दिल्या. पोर्चपासून सुरू झालेल्या तुकडीने आत आल्या आल्या फासळी कुठून कुठे भार नेते याचे बाण काढले. पोर्च उजेडात आहे, भाग थोडे आहेत, एका नजरेत खांब ते छत असा प्रवास होतो. ते डोळ्यांत बसल्यावरच आतलं अंधुक छत वाचता येतं.

वेगळं काय करता आलं असतं

तिन्ही तुकड्यांना पहिली २५ मिनिटं पोर्चमध्ये एकत्र द्यायला हवी होती आणि मग पांगायला. पोर्चमध्ये १८ जण मावतात. गच्ची सर्वांत शेवटी, कारण खालचं पाहून झाल्याशिवाय वरच्या रिकाम्या जागेला काही अर्थ नाही.

साग्रादा फॅमिलियाचं संग्रहालय या भेटीच्या नंतरच्या दिवशी होतं, ते आदल्या दिवशी हवं होतं. तिथलं टांगतं मॉडेल बघितलं असतं तर आरशाची चूक आदल्या संध्याकाळीच सापडण्याची शक्यता होती.

मोन्सेरात सोडण्याचा निर्णय मात्र योग्यच, असं आमचं मत आहे. दौऱ्यातली चारएक मुलं अजून त्याशी सहमत नाहीत.

वसाहतीसाठी तासभर राखून ठेवायला हवा होता. फ्रान्सेस्क बेरेंगेर आणि जोआन रुबियो या गौदीच्या सहकाऱ्यांनी बांधलेली वीटकामाची घरं रस्त्यातच आहेत, मंडळी त्यांच्यासमोरून गाडी पकडायला पळत गेली. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला तर ती वस्ती चर्चइतकीच ओळखीची वाटेल: गिरणी बंद, चाळी चालू.

परतल्यावर

चर्चमध्ये बसल्या बसल्या एका विद्यार्थ्याने विचारलं होतं: हे खांब वरच्या चर्चच्या वजनाच्या हिशोबाने कलवलेत, ते वजन तर कधी आलंच नाही, मग यांचा कल आज चुकीचा नाही का? तिथे उत्तर देता आलं नाही. महाविद्यालयात मॉडेल अजून टांगलेलं होतं. परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आतल्या खांबांवरच्या वाळूच्या पिशव्या काढल्या.

बहुतेकांची अपेक्षा होती की वजन कमी झाल्यावर दोरे सरळ होतील. झालं उलटं. एका खांबाचा दोरा ६ अंश कललेला होता, तो ९ अंशांवर गेला. कारण पिशवीचं वजन सरळ खाली ओढत होतं आणि छताची ओढ तिरकी होती. सरळ ओढणारं गेलं, तिरकं राहिलं, दोरा तिरक्याच्या बाजूने झुकला. खरी कमान किंवा खांब हेच करू पाहतो. जुन्या मंदिरांत, चर्चमध्ये भिंतीच्या माथ्यावर जड कळस-मनोरे ठेवतात त्यामागे सौंदर्याइतकंच हेही कारण असतं: वरून दाब आला की तिरका रेटा उभा होतो.

१६ सेंमीच्या दोऱ्यात तीन अंशांचा हा फरक म्हणजे खालचं टोक सुमारे ८ मिमी सरकलं. १:२५ ने प्रत्यक्षात सुमारे २१ सेंमी. दोरा हलतो, दगडी खांब हलत नाही, पण त्याच्या आतून जाणारी दाबाची रेषा तेवढी सरकते. मुलांनी हिशोबासाठी खांब ६० सेंमी जाड धरला होता. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत ३० सेंमी. रेषा मधल्या एक तृतीयांश भागाच्या बाहेर गेली, त्यामुळे एका कडेचा सांधा उघडू बघेल. पण ती खांबाच्या आतच राहिली, म्हणून खांब कोसळणार नाही. हा निकाल त्यांच्या सोप्या केलेल्या पट्ट्याचा आहे, चर्चचा नव्हे. प्रत्यक्षात फासळ्या, भिंती आणि शेजारचे खांब मिळून रेटा वाटून घेतात, आणि इमारत शंभरहून अधिक वर्षं उभी आहे.

पुढच्या तुकडीसाठी नकाशा आता फळीच्या खालच्या बाजूला चिकटवला आहे. हुक मोठे घेतले आहेत, आणि या वेळी पिशव्या २५० ग्रॅमच्या आहेत.